परवाना नर्सचा, व्हिसा मालकाचा

परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सला दोन परवानग्या लागतात आणि त्या देणारी कार्यालयं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. एक कार्यालय ठरवतं की ही व्यक्ती रुग्णाच्या अंगाला हात लावायला लायक आहे का. दुसरं ठरवतं की तिला देशात राहू द्यायचं का. पहिलं म्हणजे नर्सिंग कौन्सिल किंवा नोंदणी मंडळ. ते शिक्षण, अनुभव, भाषा आणि परीक्षा बघतं. दुसरं म्हणजे व्हिसा खातं. ते मुख्यतः एवढंच बघतं की कुणा मालकाने ‘ही मला हवी आहे’ असं लिहून दिलंय का. परवाना नर्सच्या नावावर निघतो आणि तिचाच राहतो. व्हिसावर नाव तिचंच असतं, पण त्याचा जीव मालकाच्या सहीत असतो. परदेशी भरतीबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, म्हणजे बाँड, एजंटचं कर्ज, नर्स म्हणून नेऊन मदतनिसाचं काम देणं, छळ होत असूनही नोकरी सोडता न येणं, त्यांतल्या बहुतेकींचं मूळ या दोन कागदांमधल्या फटीत आहे. त्यामुळे सुधारणा करायची तर ती परीक्षेत थोडी आणि व्हिसाच्या अटींत बरीच करावी लागेल, असं माझं मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि तुटवडा ५८ लाखांचा होता. जगातल्या ७८ टक्के नर्स ज्या देशांत काम करतात तिथे जगाची जेमतेम निम्मी लोकसंख्या राहते. दर सात नर्सपैकी एक परदेशात जन्मलेली आहे. श्रीमंत देशांत हे प्रमाण २३ टक्क्यांवर जातं. म्हणजे या देशांची रुग्णालयं परदेशी नर्सवर चालतात, हे आता अपवादाने घडणारं काही उरलेलं नाही, तो त्यांच्या रोजच्या व्यवस्थेचा भाग आहे. आणि तरीही तिच्या प्रवेशाचे नियम असे लिहिलेले असतात की जणू काही तीच उपकार मागायला आली आहे.

आधी परीक्षेबद्दल, कारण सगळा राग तिच्यावरच निघतो. ‘दहा वर्षं आयसीयूत काढली, आता पुन्हा परीक्षा कशाला?’ हा प्रश्न माणूस म्हणून समजतो, पण पटत नाही. अनोळखी देशातल्या रुग्णाला आपल्या उशाशी उभ्या असलेल्या व्यक्तीचं शिक्षण तपासलं गेलंय एवढी खात्री असलीच पाहिजे. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत एक प्रकरण उघड झालं: फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांमधून ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्या गेल्या होत्या. त्या विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण एनक्लेक्स ही राष्ट्रीय परवाना परीक्षा पासही झाले होते. या प्रकरणातून दोन गोष्टी कळतात. नुसती परीक्षा पुरेशी नसते, शिक्षणाची कागदपत्रं मुळापासून तपासावीच लागतात. आणि बनावटगिरी गरीब देशांतूनच येते हा समजही सोडून द्यावा लागतो. त्याच वर्षी ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला नायजेरियातल्या इबादान शहरातल्या एका केंद्रावरच्या संगणक परीक्षेचे निकाल संशयास्पद वाटले. त्या केंद्रावर परीक्षा दिलेल्या सगळ्यांना, प्रामाणिकपणे दिलेल्यांनाही, ती पुन्हा द्यायला सांगितलं गेलं. त्यांतल्या शेकडो जणी तेव्हा नोंदणी होऊन वॉर्डात काम करत होत्या. अन्याय झालाच, पण तपासणी नको असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

तपासणी हवी हे मान्य केलं की पुढचा प्रश्न असा की ती नेमकं काय तपासते. ब्रिटनची पद्धत बघा. आधी संगणकावरची सीबीटी, जी आपापल्या देशात देता येते. मग ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, जी ब्रिटनमध्ये जाऊनच द्यावी लागते. २०२१ पासून ऑस्कीत दहा स्टेशनं, म्हणजे टप्पे, असतात. चार स्टेशनांत एकाच रुग्णाची पाहणी, नियोजन, शुश्रूषा आणि मूल्यमापन. चार स्टेशनांत प्रत्यक्ष कौशल्यं. आणि दोन लेखी, ज्यांत व्यावसायिक वागणूक आणि संशोधनाचा आधार यांबद्दल उत्तरं लिहायची. फी ७९४ पौंड. ही परीक्षा वाईट नाही. सुई टोचण्याआधी रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख विचारली का, परवानगी घेतली का, पडदा ओढला का, हे ती बघते आणि ते बघायलाच हवं. मात्र तिच्याभोवती शिकवणी वर्गांचा जो बाजार उभा राहिला आहे तिथे नर्स संवाद पाठ करून घेतात. तज्ज्ञ नर्स नाटकातल्या पात्रासारखी ठरलेली वाक्यं ठरलेल्या क्रमाने म्हणते आणि पास होते. एखाद्या परीक्षेची तयारी पाठांतराने होत असेल तर दोष विद्यार्थ्याचा कमी असतो, हे शाळेच्या परीक्षांबद्दल आपण कधीपासून म्हणत आलोय.

परीक्षा भलतंच काही तपासू लागली की काय होतं याचं सगळ्यात ठळक उदाहरण जपानचं. आर्थिक भागीदारी करारांखाली २००८ पासून इंडोनेशियातून आणि २००९ पासून फिलिपिन्समधून तिथे नर्स आल्या. मायदेशी परवाना असलेल्या, दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेल्या. जपानमध्ये त्यांना मदतनीस म्हणून काम करत तीन वर्षांत तिथली राष्ट्रीय परीक्षा, जपानी भाषेत, पास व्हायची होती. नाही झाली तर परत. २००९ मध्ये ८२ जणांनी परीक्षा दिली, एकही पास झाली नाही. २०१० मध्ये २५४ जणांनी दिली, तीन पास झाल्या. त्याच परीक्षेत जपानी विद्यार्थी मात्र दहांपैकी नऊ पास होतात. त्या २५४ पैकी २५१ जणींना नर्सिंग येत नव्हतं असं कुणी म्हणेल का? त्यांना अडवलं ते कांजी लिपीतल्या वैद्यकीय शब्दांनी. पुढे प्रश्नपत्रिकेत अवघड अक्षरांवर उच्चार छापले गेले, वेळ वाढवून दिला गेला, निकाल सुधारला. पण तोवर कितीतरी जणींची उमेदीची वर्षं मदतनिसाच्या कामात गेली. भाषा यायलाच हवी, औषधाचं नाव चुकीचं वाचलं तर रुग्ण दगावतो. पण भाषा शिकवण्याचा भार त्या व्यवस्थेने उचलायचा की शिकता शिकता स्वस्तात राबणाऱ्या नर्सने, हा प्रश्न उरतोच. जर्मनीतही मान्यता मिळेपर्यंत नर्सला मदतनिसाचं काम करावं लागतं. बी-टू पातळीची जर्मन, राज्याच्या कार्यालयाने काढलेली अभ्यासक्रमातल्या तफावतीची यादी, मग ती भरून काढायला ज्ञानपरीक्षा किंवा अनुकूलन अभ्यासक्रम. ही प्रक्रिया राज्यागणिक वेगळ्या गतीने चालते.

परीक्षेबाबत माझी खरी तक्रार तिच्या काठिण्याबद्दल नसून पुनरावृत्तीबद्दल आहे. एकदा सिद्ध केलेली गोष्ट सीमा ओलांडताच शून्यावर येते. आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षांचा निकाल दोन वर्षांत शिळा होतो, जणू त्या काळात ती बाई इंग्रजी विसरली. ऑस्ट्रेलियात नोंदणीसाठी एका संस्थेकडे अर्ज करायचा आणि स्थलांतरासाठीचं कौशल्य-मूल्यमापन वेगळ्याच संस्थेकडून करून घ्यायचं. त्याच पदव्या, तीच अनुभवपत्रं, फी दोनदा. कॉलेजने ट्रान्स्क्रिप्ट थेट पाठवायचं, कौन्सिलने गुड स्टँडिंग, म्हणजे परवाना चालू आणि निष्कलंक असल्याचं पत्र, थेट पाठवायचं, जुन्या रुग्णालयाने अनुभवाची खातरजमा थेट करायची. नर्सच्या हातातून गेलेला कागद कुठेच चालत नाही. प्रत्येक नव्या देशासाठी हे सगळं नव्याने.

हे टाळता येतं, याचा पुरावा ऑस्ट्रेलियानेच दिला आहे. एप्रिल २०२५ पासून तिथे नवा मार्ग सुरू झाला. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, सिंगापूर, स्पेन आणि कॅनडातले ओंटारिओ व ब्रिटिश कोलंबिया हे दोन प्रांत, अशा तुल्यबळ मानलेल्या ठिकाणी २०१७ नंतर १,८०० तास काम केलेलं असेल तर पुन्हा परीक्षा नाही. महत्त्वाचं हे की मूळ पदवी दुसरीकडची असली, पण या देशांपैकी एकाची नियामक परीक्षा पास होऊन तिथे काम केलं असेल, तरी हा मार्ग खुला आहे. म्हणजे ऑस्कीवर ऑस्ट्रेलियाने विश्वास ठेवला. युरोपीय संघात तर २००५ च्या निर्देशानुसार किमान तीन वर्षं आणि ४,६०० तासांचं शिक्षण झालेल्या नर्सची पात्रता एका सदस्य देशातून दुसऱ्यात आपोआप मानली जाते. एकमेकांच्या पदव्यांवर विश्वास ठेवायला श्रीमंत देशांना जमतं. इतरांच्या बाबतीत तो विश्वास कमवायची वाटसुद्धा बहुतेक ठिकाणी आखलेली नाही.

आता व्हिसा. ब्रिटनने ऑगस्ट २०२० मध्ये हेल्थ अँड केअर व्हिसा सुरू केला. कमी फी, आरोग्य अधिभार माफ, लवकर निर्णय. नर्सच्या दृष्टीने जगातल्या बऱ्या व्हिसांपैकी हा एक, हे प्रांजळपणे सांगितलं पाहिजे. पण त्याची रचना पाहा. व्हिसासाठी परवानाधारक मालकाचं स्पॉन्सरशिप प्रमाणपत्र लागतं. नोंदणी अजून पूर्ण नसलेल्या नर्सला नेता येतं, पण नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत ऑस्कीचा पहिला प्रयत्न आणि आठ महिन्यांत नोंदणी झाली पाहिजे. ऑस्कीला एका अर्जात तीनच संधी. त्या हुकल्या तर अर्ज बंद, आणि नव्याने अर्ज करायला सहा महिने थांबायचं. सहा महिने थांबणं आणि आठ महिन्यांची मुदत ही दोन गणितं एकत्र करून बघा. नियामक म्हणतो, घाई नाही, तयारी करून या. व्हिसा म्हणतो, वेळ संपली. दोन्ही कार्यालयं आपापल्या जागी बरोबर आहेत आणि मधल्यामध्ये ती नर्स परतीच्या विमानात बसते, मागे राहतं ते कर्ज.

नोंदणी झाली म्हणून सुटका होत नाही. नोकरी सुटली किंवा सोडली तर साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधून नवा अर्ज करायचा, नाहीतर देश सोडायचा. घर भाड्याचं, मुलं शाळेत, नवरा किंवा बायको त्याच व्हिसाला जोडलेली. अशा वेळी वॉर्डात माणसं कमी आहेत, औषधं द्यायच्या वेळा चुकताहेत, अशी लेखी तक्रार कोण करेल? हा मुद्दा नर्सच्या हक्कांच्या चर्चेत येतो, रुग्णसुरक्षेच्या चर्चेत येत नाही, आणि मला तो तिथेच जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या कौन्सिलने दहा स्टेशनांवर तपासून घेतलं की ही नर्स चूक दिसल्यावर बोलेल, त्याच देशाचं व्हिसा खातं ती बोलू नये अशी तजवीज करतं. पाच वर्षांनी कायम वास्तव्य मिळण्याची जी आशा होती, तीही ब्रिटिश सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेतल्या प्रस्तावाने डळमळीत झाली. तिथे सर्वसाधारण मुदत दहा वर्षांवर नेण्याची कल्पना मांडली आहे. मालकाशी बांधलेली पाच वर्षं सोसणं वेगळं. दहा म्हणजे मुलं मोठी होऊन जातात.

भरतीचा खर्च कुणी करायचा यावर कागदोपत्री वाद नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार सांगतो की खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून फी घेऊ नये. व्यवहारात दोन पळवाटा निघतात. एक, एजंट फीला फी म्हणत नाही. ती ‘प्रशिक्षण’, ‘फाइल चार्ज’, ‘डॉक्युमेंटेशन’ या नावांनी येते. दुसरी पळवाट कायदेशीर दिसते: मालक सगळा खर्च करतो आणि अमुक वर्षांआधी गेलात तर परत द्या असं करारात लिहून घेतो. ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या भरती-संहितेने अशा कलमांसाठी चार कसोट्या घातल्या आहेत: कलम आधीच स्पष्ट सांगितलेलं असावं, रक्कम खऱ्या खर्चाच्या प्रमाणात असावी, काळानुसार ती कमी होत जावी, आणि छळासारख्या परिस्थितीत लवचीकता असावी. कसोट्या चांगल्या आहेत. पण छळ झाला हे ठरवणार कोण? बहुधा तोच मालक.

परतफेडीच्या कलमाचं टोक कुठवर जाऊ शकतं ते न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर दिसलं. फिलिपिन्समधून आणलेल्या दहा नर्सनी एप्रिल २००६ मध्ये करार पाळला जात नाही म्हणून नर्सिंग होमची नोकरी सोडली. ड्यूटी अर्धवट टाकली नव्हती, राजीनामा दिला होता. २००७ मध्ये रुग्णांचा जीव धोक्यात घातल्याचा फौजदारी खटला त्यांच्यावर भरला गेला, आणि त्यांना सल्ला देणाऱ्या वकिलावरही. जानेवारी २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो खटला थांबवला आणि तसं करताना तेराव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे गुलामगिरी आणि वेठबिगारी बंद करणाऱ्या तरतुदीचा, आधार घेतला. पुढे ते नर्सिंग होम ज्या समूहाचं होतं त्याच समूहाविरुद्ध इतर नर्सनी लावलेल्या दाव्यात २०१९ मध्ये संघराज्य न्यायालयाने ठरवलं की नोकरी सोडल्यास २५,००० डॉलर भरण्याचं कलम हा दंड आहे, नुकसानभरपाई नव्हे, आणि मानवी तस्करीविरोधी कायद्याचाही त्याने भंग होतो.

हे प्रकरण मी मुद्दाम सांगतोय, कारण ते माझ्या म्हणण्याला अडचणीचं आहे. अमेरिकेत बहुतेक परदेशी नर्स ईबी-३ या नोकरीवर आधारित व्हिसाच्या वर्गातून येतात, आणि तो व्हिसा तात्पुरता नसतो. विमानतळावर उतरताच कायम वास्तव्य. नर्स ‘शेड्यूल ए’ या यादीत असल्याने मालकाला स्थानिक उमेदवार मिळत नाही हे सिद्ध करायचीही गरज नसते. म्हणजे कायद्याने ती मोकळी असते, व्हिसा मालकाच्या मुठीत नसतो. तरीही २५,००० डॉलरच्या एका कलमाने तीच मूठ करारातून परत आणली. तेव्हा व्हिसा सैल केला की सगळं सुरळीत होईल असं मी म्हणणार नाही. कराराकडेही तितकंच बघावं लागतं. शिवाय तो मोकळा व्हिसा मिळेपर्यंतची रांग! दर देशाला नोकरीवर आधारित व्हिसांपैकी सर्वसाधारणपणे सात टक्क्यांची मर्यादा, आणि देश मोजला जातो तो जन्माचा. भारतात जन्मलेल्या अर्जदाराला ईबी-३ मध्ये दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं, मग ती शिकली लंडनमध्ये असो की दुबईत राबत असो. एनक्लेक्स पास झालेली, राज्याचा परवाना मिळवलेली नर्स एक दशक ‘व्हिसा बुलेटिन’ नावाचा मासिक तक्ता बघत बसते. त्याच काळात इंग्रजीचा निकाल आणि पाच वर्षं चालणारं व्हिसास्क्रीन, म्हणजे शिक्षण आणि परवाना तपासल्याचं व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र, मुदतबाह्य होत राहतं. नर्ससाठी खास तात्पुरते व्हिसे अमेरिकेने दोनदा काढून पाहिले, एच-१ए आणि नंतर एच-१सी. दोन्ही मुदत संपल्यावर बंद पडले.

न्यूझीलंडने उलट टोक गाठून पाहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये नर्सना ‘ग्रीन लिस्ट’च्या थेट कायम वास्तव्याच्या यादीत घेतलं. डिसेंबर २०२३ पासून आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या जुन्या क्षमता-मूल्यमापन अभ्यासक्रमाच्या जागी लेखी परीक्षा आणि ऑस्की आली. नोंदणी सुटसुटीत झाली आणि नर्सचा ओघ लागला. पण सार्वजनिक रुग्णालयांकडे पैसा नव्हता. २०२४ अखेर तिथल्याच नव्या पदवीधर नर्सना जागा मिळेना, मग बाहेरून आलेल्यांना कुठून मिळणार? बऱ्याच जणींनी न्यूझीलंडचा परवाना घेतला आणि दोन्ही देशांतल्या परस्पर मान्यतेच्या १९९७ च्या कायद्याने ऑस्ट्रेलियाची वाट धरली. एजंटांनी तर हा मार्ग शिडी म्हणूनच विकला. इथून धडा असा की परवाना म्हणजे नोकरी नव्हे, आणि ‘तुटवडा आहे’ या सरकारी वाक्याचा अर्थ ‘पगाराची तरतूद आहे’ असा नेहमी होत नाही. परीक्षेवर आणि प्रवासावर खर्च करण्याआधी नर्सने हा दुसरा प्रश्न विचारायला हवा. एजंट तो आपणहून सांगणार नाही.

आखाती देशांबद्दल थोडक्यात: डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी, प्रोमेट्रिकसारख्या केंद्रावरची संगणक परीक्षा, मग त्या त्या देशाच्या किंवा अमिरातीच्या आरोग्य प्राधिकरणाचा परवाना. नोंदणीची ही वाट पाश्चात्त्य देशांपेक्षा जवळची आहे. जाच आहे तो कफाला पद्धतीचा, म्हणजे मालकाच्या प्रायोजकत्वाचा. कतारने २०२० मध्ये आणि सौदी अरेबियाने २०२१ मध्ये मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलण्याची काही मुभा दिली. जिला ‘कफाला’ म्हणून पश्चिमेकडून नावं ठेवली जातात, तिच्यात आणि ब्रिटनच्या ६० दिवसांच्या मुदतीत फरक आहे, मोठा आहे, पण जात एकच आहे.

मालकाच्या बाजूनेही एक खरी अडचण आहे. दूरच्या भागातल्या छोट्या रुग्णालयाने खर्च करून, निवासाची सोय करून, ऑस्कीची तयारी करून घेऊन नर्स आणायची आणि नोंदणीपत्र हाती पडताच तिने मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जायचं, तर त्या छोट्या रुग्णालयाने पुन्हा भरती का करावी? हा नुसता नफ्याचा प्रश्न नाही, त्या भागातल्या रुग्णांचाही आहे. पण याला उत्तर नर्सच्या पायात बेडी हे नसावं. ज्या देशाची सगळी आरोग्यव्यवस्था परदेशी नर्समुळे चालते, त्या देशाने भरती आणि नोंदणीचा खर्च सामायिक निधीतून करावा. नर्स एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली तर नव्या मालकाने उरलेल्या खर्चाचा वाटा जुन्याला द्यावा. हिशेब मालकामालकांत मिटवता येतो. व्हिसा मालकाशी न जोडता नोंदणीशी जोडावा: जोवर परवाना चालू आहे आणि ती त्या देशात नर्स म्हणून कुठेही काम करते आहे, तोवर राहण्याचा हक्क. ६० दिवसांऐवजी सहा महिने. ऑस्कीत अपयश आलं तर नियामक जितका थांबायला सांगतो तितका वेळ व्हिसानेही थांबायचं. यातल्या कुठल्याच मागणीने रुग्णसुरक्षेची पट्टी खाली येत नाही.

राहिला मूळ देशांचा वाटा, आणि इथे आपण सहसा गप्प बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली. ती ऐच्छिक आहे. ज्या देशांत आधीच माणसं कमी, तिथून सक्रिय भरती करू नये म्हणून जी यादी निघते तिच्यात २०२३ मध्ये ५५ देश होते. हेतू चांगला. पण यादीतल्या देशात जन्मलेली नर्स स्वतःहून अर्ज करू शकते, तिला मज्जाव नाही. फक्त अधिकृत, तपासलेला मालक तिच्या देशात भरतीला येत नाही. मग तिच्या वाट्याला उरतो तो कुणी न तपासलेला एजंट. निर्बंध भरती करणाऱ्यांवर घातला की त्याची झळ कुणाला लागते, हे यादी करणाऱ्यांनी पुन्हा तपासावं.

काही देश थेट आपल्याच नर्सना अडवतात. फिलिपिन्सने कोविडच्या काळात आधी जाण्यावर बंदी घातली आणि मग नव्याने जाणाऱ्यांसाठी वर्षाला ५,००० ची मर्यादा ठेवली, पुढे ती वाढवत नेली. साथीत ते समजण्यासारखं होतं. नायजेरियाच्या कौन्सिलने फेब्रुवारी २०२४ मध्ये वेगळा मार्ग काढला: परदेशी कौन्सिलला पडताळणीपत्र हवं असेल तर परवान्यानंतर दोन वर्षं देशात काम केलेलं असलं पाहिजे. नर्स रस्त्यावर उतरल्या. तिथल्या रुग्णालयांची स्थिती पाहता सरकारची काळजी खोटी नव्हती. पण कौन्सिलचं काम नोंद खरी आहे की नाही एवढंच सांगण्याचं आहे. नोंदीला ओलीस ठेवून मनुष्यबळाचं धोरण राबवणं म्हणजे मालकाने पासपोर्ट काढून घेण्याचाच सरकारी प्रकार. नर्सना देशात थांबवायचं असेल तर पगार, भरतीची पदं, ड्यूटीचे तास आणि वॉर्डातली सुरक्षितता यांवर खर्च करावा लागतो. शिक्का अडवून ठेवायला काही खर्च येत नाही, म्हणून तो मार्ग सोपा वाटतो.

आणि जिथे असा नियमही नाही तिथे नुसती दिरंगाई तेच काम करते. गुड स्टँडिंगचा अर्ज टेबलावर पडून राहतो, ट्रान्स्क्रिप्टवर सही करणारे प्राचार्य रजेवर असतात, बंद पडलेल्या कॉलेजचं रेकॉर्ड कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. तिकडे इंग्रजीच्या निकालाची दोन वर्षं संपत येतात. देशादेशांत नर्सभरतीचे जे द्विपक्षीय करार होतात, त्यांत किती नर्स नेणार आणि भाषा कोण शिकवणार याची कलमं असतात. पडताळणीपत्र किती दिवसांत जाईल, ते डिजिटल स्वरूपात नर्सच्या स्वतःच्या खात्यात राहील का आणि दुसऱ्या देशासाठी तेच वापरता येईल का, याचंही एक कलम त्यांत घालावं. मुदत चुकली तर नव्या परीक्षेची फी उशीर करणाऱ्या कार्यालयाने भरावी, असंही त्यात लिहावं.